टी म्हणजे

ट्रक शिरोलीच्या फाटकातून आत आला
तेव्हा वजनकाट्यावर आधी लाल धूळ उतरली.
मागून चरकाच्या जुन्या लाटा, पंपांची टरफलं,
कुठल्याशा ट्रॅक्टरचा जबडा,
बोट लावावं तर बोटच गंजावं असं सगळं.
शेठ म्हणाले, स्वस्तात पडलंय.
भट्टीत गंज सुटेल ना? लिहून द्या, मॅडम.

मी तिथं नवीन. लॅब म्हणजे पत्र्याची खोली,
एक तराजू, एक पंखा,
आणि खिडकीच्या कडेला साचलेली मोल्डिंगची वाळू.
तक्त्यातून आकडे काढले.
लोखंडाला ऑक्सिजनच्या मिठीतून सोडवायचं
तर पदरची उष्णता घालावी लागते,
चारशे त्र्याण्णव किलोज्यूल, रोख.
पण सुटताना जे वायू होऊन उधळतं
त्या उधळण्यालाही काही मोल असतं.
ते तापमानानं गुणायचं
आणि घातलेल्या उष्णतेतून वजा करायचं.
उत्तर उणे आलं तर होईल.
अधिक आलं तर रात्रभर ब्लोअर लावा, नाही होणार.

नऊशे सात केल्विनला बरोबर शून्य.
तिथून वर सगळं उणे.
उणे या शब्दाखाली
मी जन्मात पहिल्यांदा खुशीनं दोन रेघा मारल्या.

हिंदुराव मिस्त्रींनी कागद लांब धरून वाचला.
तीस वर्षं कुपोल्यासमोर उभं राहून
त्यांच्या भुवया कधीच्या गेलेल्या.
"ह्यातला टी मंजी?"
तापमान.
"मला वाटलं, च्या."
मग निळी काच डोळ्याला लावून
ते आगीकडं बघत राहिले, ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं.
"कागूद बरोबर हाय. व्हईल म्हंतोय.
कवा व्हईल, ते कुठं ल्हिवलंय?"

मी शोधलं. खरंच नव्हतं.
त्या सूत्रात वेळेसाठी अक्षरच नाही.
तक्त्याचं ऐकायचं तर गुजरीतल्या पेढीवरच्या हिऱ्यानंही
आतापर्यंत पेन्सिलीतलं शिसं व्हायला हवं होतं,
आणि आमच्या आवारातल्या कोकच्या ढिगानं
कुणी काडी न लावताच पेटायला.
सगळं उणे.
सगळं जिथल्या तिथं बसून.

उद्यमनगरात मिस्त्रींच्या धाकट्या भावाचं लेथ.
दोन घरांमध्ये एक बोळ, बोळात एक नळ,
पाणी भरायच्या वेळा अकरा वर्षांपासून वेगळ्या.
कशावरून फाटलं ते आता त्यांनाही नीट सांगता येत नाही,
असं म्हणतात. मनात काही उरलेलं नाही,
असंही म्हणतात.
हे मला कॅन्टीनच्या वसंताकाकूंनी सांगितलं
आणि मी मनातल्या मनात चिन्ह तपासलं.

गुरुवारी भट्टी लागली.
लाटा, टरफलं, जबडा, थरावर थर, मध्ये कोक, मूठमूठ चुनखडी.
चारच्या सुमाराला मिस्त्रींनी तोंड फोडलं
आणि पांढरा रस असा आला
की गंज नावाचं कधी काही होतं हे कुणी मानलं नसतं.
त्या रसाच्या सात पुल्या झाल्या.
त्यातल्या एकीचं भोक वाढवून हवं होतं, तातडीनं,
आणि कंपनीचं लेथ बंद.

माप लिहायला त्यांना कोरा कागद मिळाला नाही.
माझाच हिशेब उलटा करून
त्यांनी पाठीवर पेन्सिलीनं गोल काढला, व्यास लिहिला.
पुली हातगाडीवर घातली.
पोराला पाठवतो म्हणाले, आणि स्वतःच निघाले,
फाटकाशी थांबले,
पुन्हा निघाले.

शनिवारी कागद माझ्या टेबलावर परत आला.
एका बाजूला नऊशे सात,
दोन रेघा, शेठची सही.
दुसऱ्या बाजूला पेन्सिलीचा तो गोल,
व्यासाखाली कुणा दुसऱ्याच्या अक्षरात "झालं",
आणि शेजारी, एकमेकांना जरासे चिकटलेले,
कपांच्या बुडाचे
चहाचे दोन.